तू मराठी की ख्रिश्चन?

मैत्रिणींनो, गेल्या वर्षीची गोष्ट. होळी होऊन चार-सहा दिवस झाले होते आणि आमच्या गच्चीवर शेजारच्या काकूंचे ज्वारीचे बिबडे वाळत होते. खानदेशात आल्यापासून हे वाळवणाचं काम मीही शिकले आहे. आम्ही दोघी बिबडे उलटत होतो, तेवढ्यात चौथीतली लेक शाळेतून आली. दप्तर टाकलं, बूटसुद्धा काढले नाहीत आणि विचारलं, "आई, आपण मराठी की ख्रिश्चन?"

झालं होतं असं, की मराठीच्या चाचणीत तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. तर शेजारची मैत्रीण म्हणाली, "तुला कसे मिळाले? तू तर ख्रिश्चन आहेस!" मैत्रिणीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. काकू हसल्या, "काय बोलस वं पोरी!" म्हणाल्या आणि पुन्हा बिबड्यांकडे वळल्या. मला मात्र हसू येईना. मी स्वतः शाळेत चार तास मराठीच शिकवते. तरी नऊ वर्षांच्या मुलीला दोन वाक्यांत काय सांगावं, ते सुचलं नाही. "जेवून घे आधी," एवढंच म्हणाले.

उत्तर द्यायला मला पुढचे पंधरा-वीस दिवस लागले. तो आमचा उपवासकाळ होता आणि पुढे ईस्टर यायचा होता, तेव्हा त्या सणाचाच हात धरून मी तिला थोडं थोडं सांगत गेले. तेच आज तुम्हालाही सांगते.

माझं माहेर वसई तालुक्यातलं नंदाखाल. तिथे पवित्र आत्म्याचं चर्च आहे आणि सगळं गाव त्याच्याभोवती. अशा गावाला आम्ही 'धर्मग्राम' म्हणतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्याबरोबर धर्मगुरू आले. वसईचाच मुलगा गोन्सालो गार्सिया जपानात नागासाकीला १५९७ साली क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले. गावची माणसं आणि देशी धर्मगुरू राहिले. शेती तीच होती, विहिरी त्याच होत्या आणि घरातली बोलीही तीच होती. आमची सामवेदी बोली तिथले सामवेदी ब्राह्मण आणि आम्ही ख्रिस्ती, दोघेही बोलतो. लेकीला मी म्हटलं, "आपण कुठून आलो नाही. आपण तिथलेच."

त्या वसईच्या लढाईनंतर चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून देवळांना दिल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळच्या मेणवलीला एक आहे. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा दिसते, तीही त्यांतलीच म्हणतात. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेलं आहे. आदल्या दिवाळीत आम्ही नाशिकला गेलो, तेव्हा लेकीने ती पाहिली होती. आता तिला हे कळल्यावर तिने विचारलं, "मग ती घंटा आता कोणाची?" मी म्हटलं, "देवळाची. तीनशे वर्षं होत आली, आता तिथलीच झाली." "आणि आधी?" "आधी आपल्याकडची." यावर ती बराच वेळ गप्प होती.

घंटेची गोष्ट निघाली म्हणून सांगते. आमच्या पवित्र आठवड्यात घंटा मुकी होते. सणाची सुरुवात झावळ्यांच्या रविवारी. येशू यरुशलेममध्ये आला तेव्हा लोकांनी झाडांच्या फांद्या हाती घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची ती आठवण. माहेरी आम्ही झावळीच्या पात्यांचे छोटे क्रूस विणतो आणि वर्षभर तसबिरीमागे खोचून ठेवतो. पुढच्या वर्षी त्याच वाळल्या झावळ्या जाळून राख करतात आणि उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी ती कपाळाला लावतात.

गुरुवारी संध्याकाळी येशूच्या शेवटच्या भोजनाची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना. तेव्हा फादर बारा जणांचे पाय धुतात, कारण येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. पूर्वी हे बाराही पुरुषच असायचे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकांनाही त्यात बसता येऊ लागलं. गेल्या वर्षी इथे आमच्यात पाच बायका बसल्या होत्या. त्यांतली एक पहाटे उठून भाजीची पाटी घेऊन बाजारात जाते. फादर तिच्या भेगाळलेल्या टाचांवर पाणी ओतत होते आणि ती संकोचून पदराने तोंड झाकत होती. जन्मभर इतरांचे पाय चेपलेली बाई ती. मला तिच्याकडे बघवेना.

त्या गुरुवारी एकदा घंटा वाजते आणि मग शनिवारी रात्रीपर्यंत मुकी. मधल्या काळात लाकडाचं खटखट वाजणारं साधन वाजवतात. शुक्रवार हा येशूच्या मरणाचा दिवस. वर्षभरात याच दिवशी मिस्सा नसते. दुपारी तीनच्या सुमाराला क्रुसाचं वंदन होतं. त्या दिवशी मोठ्यांनी एकदाच पोटभर जेवायचं आणि मांस वर्ज्य. शनिवारी रात्री मात्र अंधारात नवा अग्नी पेटवतात. त्यावरून एक मोठी मेणबत्ती, तिच्यावर चालू सालाचे आकडे, आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली छोटी मेणबत्ती. मग स्तुतिगीत सुरू होतं आणि दोन दिवस गप्प असलेली घंटा घणघणते. येशू पुन्हा उठला, ही ती बातमी.

माझ्या आजीच्या तरुणपणी हे असं नव्हतं. हा रात्रीचा विधी शनिवारी भल्या सकाळी उरकला जायचा. तो पुन्हा रात्री आला १९५० नंतरच्या दशकात. शिवाय सगळं लॅटिनमध्ये. आजीला ती उत्तरं तोंडपाठ होती, अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता. १९६२ ते १९६५ या काळात रोमला मोठी धर्मपरिषद भरली आणि त्यानंतर मिस्सा आपापल्या भाषेत होऊ लागली. आजी सांगायची, "पहिल्यांदा मराठीत ऐकलं, तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं मी देवाला काय सांगत होते ते."

तशी मराठी आमच्याकडे त्याच्या फार आधी आली होती. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं. ओवीच्या छंदात, जवळजवळ अकरा हजार ओव्या. तेव्हा मराठीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलं, पण ते लोकांना वाचून दाखवण्यासाठीच होतं. पोथी ऐकायची सवय असलेल्या बायाबापड्यांना येशूची गोष्ट पोथीसारखीच सांगावी, हे त्याला सुचलं. आणि अगदी अलीकडचं म्हणाल, तर आमच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. लेकीला मी म्हटलं, "तुझ्या मैत्रिणीला सांग, मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेले फादर माझ्या आजोळचे!"

पण खरं उत्तर तिला पुस्तकातून नाही मिळालं, इथेच मिळालं. यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे आम्ही चाळीसगावला आलो. माहेरी ईस्टरला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. इथे मोजकी घरं. एक कुटुंब गोव्याचं, दोन केरळचे, एक तमिळ आजी, काही नगरकडची मंडळी. माहेरी मी एखाद्या रविवारी गेले नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही. इथे एक घर आलं नाही, तर दुपारी कुणीतरी विचारायला येतं, "ताप-बीप आहे का हो?" खानदेशातले आम्ही नाशिक धर्मप्रांतात येतो. पुणे धर्मप्रांतातून तो १९८७ साली वेगळा झाला. त्याचे पहिले बिशप होते थॉमस भालेराव. आडनाव पाहिलंत ना?

या एवढ्याशा मेळ्यात घरी चार-पाच भाषा. मग देवापुढे एकत्र बोलायचं कशात? मराठीत. ती तमिळ आजी बाजारात अजून खुणा करून भाव विचारते, पण प्रार्थना मराठीत घडाघडा म्हणते. शनिवारी रात्री मेणबत्तीच्या उजेडात लेक तिच्या शेजारी उभी होती. घरी येताना म्हणाली, "आई, आजी चर्चमध्येच मराठी बोलते!" मी म्हटलं, "हो. इथे ख्रिश्चन असण्यानेच तिला मराठी केलं." आता तिचं तिला कळलं.

आता तुमच्या उपयोगाचं थोडं. तुमच्या शेजारी असं एखादं घर असेल तर गुड फ्रायडेला 'हॅपी' म्हणून फोन करू नका, मिठाईही पाठवू नका. तो दुखवट्याचा दिवस. रविवारी मात्र अवश्य जा. तारीख लक्षात कशी ठेवायची? २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. तुमच्या कालनिर्णयात बघा, बहुतेक वेळा हनुमान जयंतीच्या पुढेच सापडेल. २०२३ ला हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ ला. क्वचित होळीची पौर्णिमा धरली जाते, तसं २०२४ ला झालं आणि ईस्टर ३१ मार्चला आला.

आणि ईस्टरची अंडी सगळ्यांना चालतील अशी करता येतात. २५० ग्रॅम काजूची बारीक पूड चाळून घ्या. २०० ग्रॅम साखरेत अर्धी वाटी पाणी घालून एकतारी पाक करा. मंद आचेवर त्यात पूड घालून कढईच्या कडा सुटेपर्यंत हलवा. उतरवून चमचाभर गुलाबपाणी घाला. कोमट झालं की तुपाच्या हाताने मळून अंड्याच्या आकाराचे गोळे वळा. जुन्या रीतीत अंड्याचा पांढरा बलक घालतात, या कृतीत तो नाही. गेल्या वर्षी लेकीची ती मैत्रीण आली आणि चार अंडी खाऊन गेली. जाताना तिने विचारलं, "काकू, तुम्ही घरात पण मराठीच बोलता?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाने मात्र मी गडबडले. कारण खरं सांगायचं तर आम्ही घरात 'शुद्ध' मराठी बोलतो. शाळेत अडायला नको, म्हणून मी लेकीशी माझी सामवेदी कधी बोललेच नाही. तिची आजी फोनवर सामवेदीत बोलते, ही पुस्तकी मराठीत उत्तर देते, आणि दोघी दोन मिनिटांत फोन माझ्याकडे देतात. पोर्तुगीज आले, गेले, लॅटिन आलं, गेलं, तरी जी बोली माझ्या आजीपर्यंत टिकली, ती माझ्याच स्वयंपाकघरात थांबली. तो दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

काकूंना हे बोलले तर त्या गप्प झाल्या. त्याही भाजीवालीशी अहिराणी बोलतात आणि नातवाशी नाही. तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलंय, रात्रीच्या जेवणाला तरी आपापली बोली. लेक पहिले दोन दिवस खूप हसली. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे सामवेदीत मीठ मागितलं. उच्चार चुकला होता, पण मीठ मी लगेच दिलं. यंदाच्या ईस्टरला माहेरी जायचं आहे. बघू, आजी-नातीचा फोनवरचा अबोला समोरासमोर सुटतो का. तुमच्या घरात रात्री जेवताना कोणती बोली असते, मला जरूर लिहून कळवा.