कच्चें लिंबू आणि खरा गडी

गल्लींत डाव मांडला म्हणजे लहानग्या भावंडास 'कच्चें लिंबू' म्हणून खेळांत घेण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. तें धांवतें, ओरडतें, आनंदतें. परंतु बाद होत नाहीं, आणि त्याच्या खेळण्यानें डावांत कांहीं फरकहि पडत नाहीं. वर्ष-दोन वर्षांत तें खरा गडी होतें. कांहीं मुलांच्या नशिबीं मात्र हें कच्चेपण कायमचें येतें, आणि पुढें तेंहि हातचें जातें. त्यांच्याविषयीं या महिन्यांत लिहावें असें आमच्या मनांत आहे.

जन्मापूर्वीं, जन्मतांना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूस इजा होऊन अवयवांवरील ताबा अपुरा राहतो, त्या अवस्थेस सेरेब्रल पाल्सी म्हणतात. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम लिट्ल यांनीं १८६२ सालीं तिचें सविस्तर वर्णन केलें. वाचकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बोलणें अस्पष्ट म्हणून बुद्धि मंद, असा नियम नाहीं. आणि मेंदूंतील इजा वाढत नसली तरी मूल वाढतें. हाडें लांबतात, ताठर स्नायु त्या मानानें लांबत नाहींत, सांधे आखडतात, वजन वाढतें. सहाव्या वर्षीं ज्यास कडेवर घेऊन आई परळीस वैजनाथाच्या जत्रेंत हिंडली, त्यासच चौदाव्या वर्षीं ओसरीच्या दोन पायऱ्या उतरविण्यास दोन माणसें लागतात. त्याच सुमारास सोबतीहि मैदानावर, शिकवणीस, पुढें परगांवीं निघून जातात. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं अशा मुलांचा कित्येक वर्षें मागोवा घेतला, तेव्हां वय वाढतें तसतसा खेळ-करमणुकींतील त्यांचा सहभाग घटत जातो असेंच त्यांस आढळलें.

आपल्या बीड जिल्ह्यांत याला आणखी एक कारण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचीं कुटुंबें साखर कारखान्यांकडे निघतात. असें मूल आईबापांबरोबर गेलें तर त्याची संध्याकाळ कोपींत जाते, आणि आजी-आजोबांजवळ राहिलें तर ओस पडलेल्या गल्लींत. पांढरपेशा घरांतील उणीव निराळी आहे. तेथें औषधाची वेळ, व्यायामाची वेळ, अभ्यासाची वेळ, सारें नेमलेलें असतें. खेळाची वेळ तेवढी नसते. हातीं मोबाइल दिला कीं आपलें कर्तव्य संपलें, असें वडील मंडळी समजतात. मूल सर्वांचें प्रेक्षक होतें. गडी तें कोणाचाच राहत नाहीं.

मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईंत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापून अशा मुलांच्या शिक्षणाची वाट दाखविली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमांत करमणुकीसाठीं २९ वें व क्रीडेसाठीं ३० वें कलम आलें. तथापि अंगणांत गडी मिळवून देणें हें घरच्यांनाच करावें लागेल.

तें कसें करावें याचा उत्तम धडा 'बोचिया' या खेळांत आहे. हा खेळ १९८४ पासून पॅरालिंपिक स्पर्धांत आहे. एक पांढरा चेंडू लक्ष्य म्हणून टाकावयाचा, आणि आपले सहा चेंडू, एकाचे तांबडे व दुसऱ्याचे निळे, त्याच्या अधिकाधिक जवळ न्यावयाचे. ज्यास हातानें फेंकतां येत नाहीं तो उतरत्या पन्हळींतून चेंडू सोडतो. पन्हळ सरकविण्यास मदतनीस असतो. परंतु त्यानें मैदानाकडे पाठ करूनच बसावें असा नियम आहे. हात मदतनिसाचा, निर्णय खेळाडूचा!

महाभारताच्या वनपर्वांतील अष्टावक्राची कथा याच अर्थानें वाचण्यासारखी आहे. आठ ठिकाणीं वांकडा असा तो बालक जनकाच्या यज्ञांत वाद करावयास गेला. द्वारपालानें अडविलें तें वय लहान म्हणून, अंग वांकडें म्हणून नव्हे. आंत गेल्यावर बंदी नामक पंडितानें त्यास सोपे प्रश्न घातले नाहींत. वाद खरा झाला, म्हणूनच अष्टावक्राचा विजयहि खरा ठरला.

आमची सूचना साधी आहे. नळाचा जाड पाइप उभा चिरला कीं पन्हळ तयार होते. पत्ते उभे राहावे म्हणून फळीस खांच पाडतां येते. क्रिकेटच्या धावा मोजण्यास, भजनांत टाळ धरण्यास, बुद्धिबळांत मोहरें कोठें हलवावें तें खुणेनें सांगण्यास पाय लागत नाहींत. आठवड्यांतील दोन संध्याकाळा नेमाव्या, शेजारचीं दोन मुलें बोलवावीं, आणि कोणता खेळ खेळावयाचा तें त्यासच ठरवूं द्यावें. तें हरलें तर हरूं द्यावें; कींव करून जिंकवूं नये. एखाद्या दिवशीं, आपणांस चुकीनें बाद दिलें म्हणून तें तावातावानें भांडूं लागेल. त्या दिवशीं घरच्यांनीं मध्यें पडूं नये. तें भांडण मुलांचें मुलांनींच मिटवावें.