लॅपटॉप भंगारात देण्याआधी वायफायची चिप ओळखा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही बराच नवा लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखनीचे विद्यार्थी, तुमसरचे दुकानदार, पवनी-लाखांदूरकडची सेवा केंद्रे अशा अनेकांचे काम अजून याच यंत्रांवर चालते. त्यांचा पडदा धड आहे, कळफलक धड आहे. उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली घातली, तर ती आणखी काही वर्षे सहज चालतील. ती भंगारात जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

पण वाट एका ठिकाणी हमखास अडते. लिनक्स बसते, आवाज येतो, टचपॅड चालतो आणि वायफायचे चिन्हच दिसत नाही. आपल्या खेड्यांत तारेची जोडणी बहुधा नसते. मग माणूस लिनक्सला नावे ठेवतो आणि असुरक्षित विंडोजकडे परत जातो.

दोष नेमका कुठे असतो? वायफाय कार्ड चालायला दोन गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा लिनक्सचा भाग. दुसरी फर्मवेअर, म्हणजे दर वेळी कार्डाच्या आत उतरवली जाणारी आज्ञावली. ड्रायव्हर स्वयंसेवक लिहू शकतात. फर्मवेअर मात्र बहुधा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कुलपात असते आणि ते वाटायचे की नाही हे तीच ठरवते.

ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांचे उदाहरण घ्या. कंपनीने माहिती दिली नाही, तेव्हा एका गटाने तिचा बंद ड्रायव्हर उलगडून चिपचे वर्णन लिहिले आणि दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. तो २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. कंपनीने स्वतःहून खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये, आणि तोही नव्या चिपांसाठी. जुन्या चिपांचे फर्मवेअर आजही वेगळे उतरवावे लागते. म्हणजे इंटरनेट जोडण्यासाठी जे हवे, ते इंटरनेटवरूनच आणायचे!

महाराष्ट्रातल्या एका प्रयोगाच्या मुळाशीही हाच वाद होता. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांवर लिनक्स होते. मुले ते घरी नेत आणि लॅपटॉप बिनतारी जाळ्याने एकमेकांशी जोडले जात. ते जाळे जिच्यावर उभे होते, त्या मार्व्हेलच्या चिपचे फर्मवेअर मात्र बंद होते. ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीचे संस्थापक थिओ डी राट यांनी २००६ मध्येच यावर जाहीर आक्षेप घेतला होता. सगळे खुले ठेवू पाहणाऱ्या योजनेलाही वायफायच्या चिपपुढे तडजोड करावी लागली.

आता उपायाकडे. पहिले काम म्हणजे फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. हॉटस्पॉट इथे उपयोगाचा नाही, कारण त्यालाही वायफायच लागते. टेदरिंगमध्ये फोन तारेच्या जोडणीसारखा वागतो आणि बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर मागत नाही. इंटरनेट मिळाले की अर्धी लढाई जिंकली.

मग टर्मिनल उघडून ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) ही कमांड द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक’ असेल तर तो कमांडने निघतो. ‘हार्ड ब्लॉक’ असेल तर लॅपटॉपवरचे वायफायचे बटण किंवा कळ शोधा. त्यानंतर ‘एलएसपीसीआय -के’ (lspci -k) कमांडने कार्डाची नेमकी ओळख काढा. कार्ड दिसते, पण त्याखाली ड्रायव्हरचे नावच नाही, तर ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर आहे आणि ‘डीमेसेज’ (dmesg) कमांडच्या नोंदीत फर्मवेअर न सापडल्याची तक्रार आहे, तर फर्मवेअर हवे. उबुंटू आणि मिंटमध्ये अतिरिक्त ड्रायव्हरची खिडकी बरेचदा हे काम करून देते. डेबियनने जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली.

बाहेरून घातलेला ड्रायव्हर चढतच नसेल, तर सिक्युअर बूट तपासा. सही नसलेला ड्रायव्हर ते अडवते. राउटरच्या शेजारी बसल्यावरच रेंज येत असेल आणि कार्ड रिअलटेकचे ८७२३बीई असेल, तर बहुधा ड्रायव्हरने चुकीचा अँटेना निवडलेला असतो. एक सेटिंग बदलली की काम होते. त्यासाठी नवे कार्ड घेऊ नका. आणि काहीच जमले नाही, तर लिनक्सवर चालते याची खात्री करून छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्या. नव्या लॅपटॉपपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. टर्मिनलची भीती वाटणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतही आहेत.

मात्र हा भार एकट्या वापरणाऱ्याने का वाहावा? केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर चालतात, कारण तिथे राज्याने ते धोरण म्हणून स्वीकारले. आपल्याकडे शाळा, ग्रामपंचायत किंवा महाविद्यालय लॅपटॉप घेते तेव्हा रॅम विचारली जाते, डिस्क विचारली जाते. वायफायच्या चिपचे नाव कोण विचारतो?

भंडारा जिल्हा परिषदेने आणि आपल्या सातही तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी खरेदीच्या अटींत दोन ओळी घालाव्यात. वायफाय चिपचे नाव व क्रमांक लिहून द्यावा, आणि यंत्र लिनक्सवर वायफायसह चालवून दाखवावे. विकत घेणारा अट घालतो तेव्हाच कंपन्या कुलूप उघडतात. पुढच्या खरेदीआधी या दोन ओळी अटींत याव्यात, यासाठी शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येक वाचकाने आवाज उठवावा.