अडॅप्टर म्हणजे भेसळ नव्हे

जुन्या संगणकाला नवा माउस जोडला की त्याची अस्सलता भ्रष्ट होते, असे काही संग्राहक ठासून सांगतात. हा आक्षेप तपासला की टिकत नाही.

१९८५ साली आलेल्या अमिगा आणि अटारी एसटी या घरगुती संगणकांचा माउस केवळ विद्युत्स्पंद पाठवी. चेंडूबरोबर खाचांच्या चकत्या फिरत. प्रत्येक अक्षाच्या दोन तारांपैकी कोणतीवरचा संकेत आधी बदलला, यावरून संगणक दिशा ओळखी. मोजणीही तोच करी. यूएसबी माउस मात्र मोजणी स्वतः करून तयार आकडे पाठवतो. अडॅप्टरमधला मायक्रोकंट्रोलर ते आकडे पुन्हा स्पंदांत उतरवतो. नुसते टोक बदलून हे साधत नाही. (दोन्ही यंत्रांचे तोंड नऊ पिनांचेच, तरी पहिल्या आणि चौथ्या पिनेची अदलाबदल झालेली. म्हणजे त्या काळीही एकाचा माउस दुसऱ्याला सरळ चालत नसे!)

मग भ्रष्ट झाले काय? संगणकाला ओरखडा नाही, आज्ञावलीतले अक्षर बदललेले नाही. अडॅप्टर काढला की यंत्र पूर्ववत. चेंडूची ती जड घसट नव्या माउसात नाही, हे मान्य. पण मूळ माउस झिजला म्हणून काचेच्या कपाटात निपचित ठेवलेल्या अमिगालाच अस्सल म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे: ‘डिलक्स पेंट’मध्ये रेघ कशी ओढली जाई, हे त्या कपाटाकडे पाहून कोणाला कळणार?