उजेड एकाचा, मालकी दुसऱ्याची

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ही ज्यांची राजधानी होती त्या वाकाटक शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने हे लेणे करविले, ही हकीकत दीड हजार वर्षांनंतरही त्यावरून कळते. कळत नाही ते एवढेच की, त्या अंधाऱ्या दालनाच्या भिंती रंगविणारे हात कोणाचे होते.

राजाश्रय गेला, भांडवलाचा आश्रय आला. श्रेय लिहिण्याची रीत मात्र बदलली नाही. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. दादासाहेब फाळके यांचे कर्तृत्व कोणी नाकारीत नाही. परंतु त्या चित्रपटाचा कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालविला आणि कोऱ्या फिल्मला अंधारात भोके पाडण्याचे कष्ट सरस्वतीबाई फाळके यांनी उपसले, हे किती जणांच्या कानी आले आहे? फाळक्यांच्याच नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो. छायालेखकाच्या वाट्याला तो प्रथम आला २००८ सालचा, व्ही. के. मूर्ती यांच्या रूपाने! ‘कागज के फूल’ (१९५९) मध्ये मोठाले आरसे लावून मूर्तींनी सूर्याचा झोत स्टुडिओत आणला. आजही त्या दृश्याची वाहवा बहुधा गुरुदत्तांच्याच खात्यावर जमा होते. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत ‘सिटिझन केन’ (१९४१) च्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी आपल्याच पाटीवर छायालेखक ग्रेग टोलंड यांचे नाव घातले होते. तो अर्थात एका माणसाचा दिलदारपणा होता, तेथील व्यवस्थेचा नव्हे.

येथे तर कायदाच मालकाच्या बाजूला उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता ते टिपणारा. पण तीच चित्रे सेकंदाला चोवीस या वेगाने टिपली की कर्ता ठरतो निर्माता! ज्याने कॅमेऱ्याला डोळाही लावला नाही, तो कर्ता. आणि ज्याची दृष्टी पडद्यावर उतरली, तो रोजंदार.

छायालेखकाला ठरलेला मेहनताना मिळाला, मग तक्रार कसली, असा युक्तिवाद केला जातो. मेहनताना गीतकार-संगीतकारांनाही मिळतच होता. तरीही २०१२ च्या दुरुस्तीने त्यांचा रॉयल्टीवरील हक्क मान्य केला, आणि त्यामुळे चित्रपटधंदा काही बुडाला नाही. त्याच वेळी छायालेखकाला दाराबाहेर का ठेवले, याचे उत्तर संसदेकडून मागितले पाहिजे. कर्त्याच्या व्याख्येत निर्मात्याच्या जोडीला दिग्दर्शक आणि छायालेखक यांना बसवावयाचे, एवढीच ही दुरुस्ती आहे. तोवर जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर नव्याने विकले जात राहतील, आणि त्या विक्रीतून छायालेखकाच्या वारसांना कायद्याने एक पैसाही मागता येणार नाही.