वेतनाचा हिशेब चुलीपासून मांडा

जबलपूरच्या सराफ्यात दोन प्रकारची गिऱ्हाइके येतात. एक लग्नसराईत दागिना घ्यायला, दुसरे महिनाअखेरीस दागिना गहाण ठेवायला. हे दुसरे गिऱ्हाईक तेथून निघते ते थेट किराणा दुकानात जाते. रेल्वे आणि टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त या शहरात स्थिरावलेल्या मराठी घरांना ही वाट अनोळखी नाही. पगारात जे भागत नाही ते दागिन्यावर भागवायचे. दागिना संपला की घरच्या बाईने आपल्या ताटातले कमी करायचे. ती तक्रार करीत नाही, म्हणून सरकारी कागदांत या उपासाची नोंदही होत नाही.

बंधू-भगिनींनो, किमान वेतन कसे ठरवावे हे या देशाने १९५७ सालीच ठरवले आहे. पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून मान्य केले की, एका कमावत्यामागे तीन खाणारी एकके धरावीत, प्रत्येक एककास २७०० उष्मांकांचा आहार मिळावा, वर्षाला कुटुंबास ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती आदी खर्च वेगळा धरावा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे सांगितले. हे सूत्र फुकट टिकलेले नाही. जुलै १९६० चा पाच दिवसांचा संप आणि १९ सप्टेंबर १९६८ चा एक दिवसाचा संप आपल्याच खात्यांतील कामगारांनी गरजाधिष्ठित वेतनासाठी लढवला. त्यात कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या.

सातव्या वेतन आयोगाने याच सूत्राच्या आधारे २०१६ पासून १८,००० रुपये किमान वेतन ठरवले. त्यासाठी धरलेला महिन्याचा शिधा पाहा : तांदूळ-गहू ४२.७५ किलो, डाळ ७.२ किलो, दूध १८ लिटर. ही यादी आपल्या घरच्या किराण्याच्या चिठ्ठीशेजारी ठेवून पाहा. धान्य जुळेल. डाळ आणि दूध किती घरांत जुळते?

न जुळण्याचे कारण हिशेबातच आहे. नवरा एक, बायको ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६ अशी तीन एकके भरतात. आई-वडील त्यात कोठेच नाहीत. याउलट २००७ च्या कायद्याने वृद्ध आई-वडिलांना पोसणे मुलांवर बंधनकारक आहे, त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तुरुंगवासही आहे. कायद्याला म्हातारे दिसतात आणि वेतनाच्या सूत्राला दिसत नाहीत, हा कोठला न्याय?

आणि हे झाले कायम कामगारांचे. ग्रामीण डाक सेवकाच्या मोबदल्याला सरकार वेतन म्हणत नाही, भत्ता म्हणते. चार तासांच्या डाक सेवकासाठी २०१८ साली तो दरमहा १०,००० रुपये व त्यावर महागाई भत्ता असा ठरला. गाड्या आणि फलाट झाडणाऱ्या कंत्राटी कामगाराला वेतन आयोग लागूच नाही. २०१७ साली राष्ट्रीय तळवेतन दिवसाला अवघे १७६ रुपये ठरवले गेले. सरकारच्याच तज्ज्ञ समितीने २०१९ साली ३७५ रुपयांची शिफारस केली, तीही उष्मांक २७०० वरून २४०० वर उतरवून!

मोफत धान्य मिळते ना, असे आपल्याला ऐकवले जाते. पण माणशी पाच किलो धान्यात डाळ नाही, तेल नाही, दूध नाही. शिवाय ऐंशी कोटी लोकांना धान्य फुकट द्यावे लागते, याचाच अर्थ या देशात मजुरीवर पोट भरत नाही.

२०२५ साली आठवा वेतन आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे आपण केवळ टक्केवारी मागून भागणार नाही. आई-वडील धरून एकके मोजा, शिध्याचे भाव बाजारातले धरा, डाक सेवक आणि कंत्राटी कामगार यांना त्याच मापाने मोजा, या तीन मागण्या प्रत्येक शाखेच्या ठरावात आल्या पाहिजेत. शाखांनी आपापल्या सभासदांच्या घरचा महिन्याचा किराणा लिहून काढावा. तो लिहिताना घरातल्या बाईला विचारावे, कारण खरा हिशेब तिलाच ठाऊक आहे.