अंगठ्याचं वजन

अंगठा तळहाताला चिकटवा आणि शर्टाचं बटण लावून बघा बरं! जमलं?

स्टीलचं ताट पॉवर प्रेसखाली घडतं. वरचा साचा धाडकन खाली येतो. खाली पत्रा आहे की बोट, हे त्याला कुठलं कळायला? म्हणून चांगल्या प्रेसला लांब लांब अशी दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच मशीन चालतं, हात आपोआप बाहेर राहतात. पण जास्त नग काढायच्या घाईत एक बटण कायमचं दाबून बांधलं जातं आणि घात होतो. (ही घाई बहुधा कामगाराची नसते, बरं का!)

1923च्या भरपाई कायद्यात बोटांचं कोष्टकच होतं. अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के घटली असं धरत. तर्जनीला 14, मधल्या बोटाला 12, करंगळीला 7.

तुटलेलं बोट कधी कधी पुन्हा जोडताही येतं. आधी जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरायचा. बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचं नाही, त्याने ते खराब होतं. आणि लगेच मोठ्या दवाखान्यात!