विश्लेषण : पर्यावरण दिनांच्या तारखा बेंबळीच्या हंगामाशी जुळतात का?

२ फेब्रुवारीला पाणथळ दिन, ३ मार्चला वन्यजीव दिन, २२ मार्चला जल दिन, २२ एप्रिलला वसुंधरा दिन, ५ जूनला पर्यावरण दिन. निसर्गाच्या नावाने येणारे असे डझनभर दिवस वर्षभरात साजरे होतात. त्या दिवशी शाळेत प्रतिज्ञा होते, प्रभातफेरी निघते, रोप लावतानाचे फोटो वरच्या कार्यालयात जातात. धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या कोरडवाहू पट्ट्यातील गावापुढे मात्र साधा प्रश्न असतो : ज्या दिवशी रोप लावायचे, त्या दिवशी जमिनीत ओल असते का? या तारखा कुठून आल्या आणि गावाला त्यांचा उपयोग करून घेता येईल का, हे पाहू.

हे दिवस ठरले कसे?

बहुतेक तारखा एखाद्या आंतरराष्ट्रीय बैठकीच्या किंवा कराराच्या आहेत. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून तो पाणथळ दिन. स्टॉकहोम येथे ५ जून १९७२ रोजी मानवी पर्यावरण परिषद सुरू झाली, म्हणून ५ जून. वन्यजीव व्यापारावरील करारावर ३ मार्च १९७३ रोजी सह्या झाल्या. जैवविविधता दिन आधी २९ डिसेंबरला होता, तो २००० मध्ये २२ मेवर आणला गेला. वन दिन २१ मार्चला, म्हणजे उत्तर गोलार्धातील वसंताच्या सुरुवातीला येतो. आपल्याकडे तेव्हा पानगळ होऊन पळस फुललेला असतो.

थोडक्यात, मराठवाड्याचा पाऊस पाहून यातील एकही तारीख ठरलेली नाही. याला अपवाद भारतात ठरलेल्या काही दिवसांचा. तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री क. मा. मुन्शी यांनी १९५० मध्ये सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो.

अडचण कुठे येते?

५ जूनला रोहिणी नक्षत्र चालू असते. मृग लागायला दोन-तीन दिवस बाकी असतात. पाऊस वेळेवर आला तरी तो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मराठवाड्यात पोहोचतो आणि नंतर अनेकदा खंड पडतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. सोयाबीनच्या बियाण्याला जी काळजी, तीच रोपालाही लागते. पर्यावरण दिनाला कोरड्या खड्ड्यात लावलेले रोप पुढचे पंधरा दिवस हंड्याने पाणी मिळाले तरच तग धरते. ५ जूनला खड्डे तयार ठेवून आर्द्रा नक्षत्रात लागवड केली, तर तेच रोप जगण्याची शक्यता वाढते.

पाण्याचेही तसेच. राज्यात १६ ते २२ मार्च हा जलजागृती सप्ताह असतो. पण मार्च उजाडेपर्यंत पाण्याचा बहुतेक खर्च झालेला असतो. उसाला किती पाणी जाणार आणि रब्बीत काय पेरायचे, हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच ठरते. २०१६ च्या जल दिनानंतर तीन आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, मिरजेहून शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या मार्चमध्ये कितीही घोषणा दिल्या असत्या तरी ते टळले नसते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पावसाळा संपताच पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यानुसार पिके ठरवते.

लावलेल्या झाडांचा हिशेब काय सांगतो?

महाराष्ट्राने २०१६ मध्ये एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम घेतला. २०१७ चे लक्ष्य ४ कोटी, २०१८ चे १३ कोटी आणि २०१९ चे ३३ कोटी होते. त्यातील किती जगली, यावर वाद झाला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. वाद राजकीय होता, पण त्यामागचा प्रश्न प्रत्येक गावाला लागू आहे. रोप लावायला एक दिवस पुरतो. शेळ्यांपासून कुंपण आणि उन्हाळ्यात पाणी मात्र पहिली दोन-तीन वर्षे द्यावे लागते. लागवडीच्या दिवशी पाहुणे असतात, एप्रिलमध्ये पाणी घालायला कोण येणार, हे ठरलेले नसते.

सगळीकडे झाडेच लावायची का?

नाही. सोलापूर-धाराशिव पट्ट्यात गवताळ माळराने आहेत. ती पडीक वाटतात, पण काळवीट, खोकड आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांचे ते घर आहे. मेंढपाळांची चराईही त्यावरच चालते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तिथे माळढोक जवळपास दिसेनासा झाला आहे. माळरान कमी होणे, हे त्यामागचे एक मोठे कारण. अशा जमिनीवर सरसकट झाडे लावली तर माळरानच संपते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ कुरणे आणि पशुपालकांसाठी जाहीर केले आहे. गायरानात झाडे कुठे आणि गवत कुठे राखायचे, हे ठरवायला ते चांगले निमित्त आहे.

जवळचे विषय कोणते?

२९ जुलैचा व्याघ्र दिन धाराशिवला परका वाटत असे. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. तो यवतमाळमधील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून आला होता. जनावरे राखणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी, नुकसान झाल्यास पंचनामा आणि भरपाईसाठी कुठे जावे, ही माहिती व्याघ्र दिनी भाषणापेक्षा जास्त कामाची आहे.

पक्षी सप्ताह तर शेजारचाच. सोलापूरला जन्मलेले मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर हा जन्मदिवस. म्हणून राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. तेव्हा स्थलांतरित पक्षी तलावांवर येऊ लागलेले असतात, त्यामुळे ही तारीख हंगामाला धरून आहे.

५ डिसेंबरच्या मृदा दिनालाही आता वेगळा अर्थ आला आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः परंडा-भूम भागात, अनेकांची शेतजमीन खरवडून गेली. वाहून गेलेली माती पुन्हा तयार व्हायला कित्येक पिढ्या लागतात.

गावाला काय करता येईल?

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय हरित लवादाने यासाठी जानेवारी २०२० अखेरची मुदत दिली. ती गाठण्यासाठी देशभर अनेक नोंदवह्या घाईने झाल्या, अशी टीका अभ्यासकांनी केली. या नोंदवहीत दरवर्षी भर घालायला हेच दिवस उपयोगी पडू शकतात. बेंबळीसारख्या गावाची वर्षाची आखणी साधारण अशी होऊ शकते :

• २२ मार्च : गावातील ठरावीक विहिरींची पाणीपातळी मोजून लिहिणे. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरींची मोजणी मार्चमध्ये करते.
• २२ एप्रिल : मागील वर्षीच्या झाडांपैकी किती जगली, याची मोजणी. तो आकडा १ मेच्या ग्रामसभेत वाचणे.
• २२ मे : नोंदवहीत जुन्या वाणांची आणि मोठ्या झाडांची भर.
• ५ जून : फक्त खड्डे, कुंपण आणि जबाबदारीची वाटणी. लागवड पावसानंतर.
• २ ऑक्टोबर : वन्यजीव सप्ताहाची सुरुवात आणि ग्रामसभा एकाच दिवशी. पाण्याचा ताळेबंद रब्बीच्या आधी.
• ५ डिसेंबर : बांध, घळी आणि खरवडलेल्या जमिनीची पाहणी, रोजगार हमीतून करायच्या कामांची यादी.

मग या दिवसांचा उपयोग होतो का?

होतो, पण त्यामागे मोजता येणारे काम असेल तर. १६ सप्टेंबरचा ओझोन दिन हे त्याचे उदाहरण. १९८७ मध्ये त्या तारखेला झालेल्या माँट्रियल करारात कोणते रसायन कधीपर्यंत किती कमी करायचे, हे बंधनकारक होते. देशांनी ते पाळले आणि जगाच्या बहुतांश भागात ओझोनचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

गावाच्या पातळीवरही हेच लागू होते. विहिरीची पातळी आणि जगलेल्या झाडांची संख्या दरवर्षी त्याच तारखेला लिहिली, तर चार-पाच वर्षांत गावाकडे स्वतःची आकडेवारी तयार होते. टँकर मागताना, रोहयोची कामे सुचवताना किंवा नवे बोअर घ्यावे का हे ठरवताना ती पुढे ठेवता येते. नाहीतर पुढच्या ५ जूनला त्याच खड्ड्यात पुन्हा नवे रोप लावले जाईल.